मंत्र टाकल्यानंतर गाव काय करते: फँटसी रोलप्लेइंग खेळात जादूचे सामाजिक परिणाम कसे मांडावेत

बाजाराच्या दिवशी धान्याच्या एका व्यापाऱ्याशी सौदा चालू आहे. पार्टीतला (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीतला) बार्ड, म्हणजे गाण्यातून जादू करणारे पात्र, त्याच्यावर ‘चार्म पर्सन’ हा मंत्र टाकतो, व्यापाऱ्याचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे मंत्र टाळण्यासाठी टाकलेला फासा, फसतो आणि पुढचा तासभर तो बार्डला ओळखीचा, भला माणूस समजून वागतो. पोती स्वस्तात मिळतात, पार्टी गावाबाहेर पडते आणि टेबलावर सगळे पुढच्या गुहेचा विचार करू लागतात. मात्र या मंत्राच्या नियमात शेवटी आणखी एक वाक्य आहे. मंत्र संपला, की आपल्यावर जादू झाली होती आणि ती कोणी केली, हे त्या व्यक्तीला कळते. नियम तिथे थांबतो. त्यानंतर तो व्यापारी कोणाकडे जातो, घरी काय सांगतो, पुढच्या बाजारी त्याचा शेजारी दुकानदार बार्डला पाहून काय करतो, हे गेममास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, ठरवायचे असते आणि अनेक टेबलांवर ते ठरवायचे राहून जाते.

हा लेख त्या राहून गेलेल्या भागासाठी आहे. उदाहरणे मी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फँटसी रोलप्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीतून, म्हणजे २०१४ च्या नियमांतून घेतली आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांत महत्त्वाचा फरक असेल तिथे तो सांगितला आहे. माझे म्हणणे असे, की मंत्र टाकणे ही चारचौघांत केलेली कृती आहे. तिचा जादुई परिणाम नियमपुस्तक सांगते, पण ती पाहणाऱ्या माणसांनी तिचा काय अर्थ लावला, यावरच ते जग खरे वाटेल की नाही हे ठरते.

पहिली पायरी: लोकांना जादू किती ठाऊक आहे, हे मोहिमेआधी ठरवा

एखाद्या गावातल्या साठ वर्षांच्या म्हातारीने आयुष्यात किती वेळा मंत्र टाकताना पाहिला असेल? या एका प्रश्नाचे उत्तर लिहून काढले, की बाकीची बरीच उत्तरे आपोआप मिळतात. प्रसिद्ध झालेली खेळविश्वे पाहिली, तर या प्रश्नाला किती वेगवेगळी उत्तरे देता येतात हे दिसते. १९९१ मध्ये आलेल्या ‘डार्क सन’ या विश्वात विझर्डची, म्हणजे अभ्यासाने जादू शिकलेल्याची, जादू आसपासच्या वनस्पतींचा जीव शोषून घेऊ शकते आणि जमीन राखेसारखी करून टाकते. साहजिकच तिथे विझर्ड दिसला की लोक संतापतात, मग तो जमीन जपून जादू करणारा असला तरीही. २००४ मधल्या ‘एबेरॉन’मध्ये जादू हा एक उद्योग आहे, जादूवर आगगाडी चालते आणि पिढीजात घराणी जादूच्या सेवा पैसे घेऊन पुरवतात. तिथे मंत्राची भीती कमी आणि बिलाची जास्त. १९८७ मध्ये निघालेल्या ‘आर्स मॅजिका’ या वेगळ्या खेळात तर जादूगाराची जन्मजात देणगीच अशी आहे, की त्याने काही केले नाही तरी सामान्य माणसांना त्याच्याविषयी संशय वाटतो आणि जनावरे बुजतात.

तुमच्या जगासाठी अर्धे पान पुरेसे आहे. जादू किती दुर्मीळ आहे, तिला परवानगी कोण देते किंवा कोण देत नाही आणि या भागात जादूने शेवटचे नुकसान कोणाचे व कधी झाले, एवढे त्यात लिहावे. यांतला तिसरा मुद्दा मला सर्वांत उपयोगी वाटतो. ‘लोक जादूला घाबरतात’ हे वाक्य टेबलावर काही घडवत नाही. ‘तीस वर्षांपूर्वी एका विझर्डने तापाची साथ थांबवण्यासाठी विहिरीत काहीतरी टाकले आणि त्या वर्षी वेशीबाहेरच्या वस्तीतली अकरा मुले गेली’ असे लिहिले, की त्या वस्तीतला प्रत्येक माणूस कसा वागेल हे लगेच सुचू लागते.

हे अर्धे पान खेळाडूंना सेशन झिरोमध्ये, म्हणजे मोहिमेपूर्वीच्या (अनेक बैठकांत चालणाऱ्या कथेपूर्वीच्या) बैठकीत, वाचून दाखवावे. विझर्ड किंवा वॉरलॉक (अलौकिक शक्तीशी करार करून जादू मिळवणारा) निवडणाऱ्या खेळाडूला आपण कोणत्या समाजात वावरणार आहोत हे कॅरेक्टर बनवण्याआधी कळायला हवे.

याच बैठकीत मराठी टेबलांवर आणखी एक गोष्ट बोलायला हवी. करणी, भानामती, चेटूक हे शब्द आपल्यासाठी केवळ कल्पनेतले नाहीत. जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना, विशेषतः बायकांना, मारहाण होते आणि गावाबाहेर काढले जाते. म्हणूनच महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. ‘गावकरी चेटकीण म्हणून एका बाईच्या मागे लागले आहेत’ हा प्रसंग परदेशी साहसकथांतून सहज उचलला जातो, पण टेबलावरच्या एखाद्याच्या घरी किंवा गावी तो घडलेला असू शकतो. असा प्रसंग ठेवायचा का आणि ठेवलाच तर किती तपशिलात, हे आधी विचारावे. खेळ चालू असताना कोणालाही, कारण न सांगता, दृश्य थांबवता यावे यासाठी जॉन स्टॅव्ह्रोपोलॉस यांनी मांडलेले एक्स-कार्ड वापरता येते. टेबलाच्या मध्यभागी एक्स लिहिलेले कार्ड ठेवायचे, त्याला कोणी हात लावला की तो भाग वगळून पुढे जायचे.

दुसरी पायरी: काय दिसले आणि काय ऐकू आले, हे नक्की करा

पाचव्या आवृत्तीत मंत्राला तीन प्रकारचे घटक असतात: उच्चार, हस्तमुद्रा आणि साहित्य. उच्चार ठरावीक स्वरात आणि ठरावीक घुमाराने करावा लागतो, त्यामुळे तोंड बांधलेल्या माणसाला उच्चाराचे मंत्र टाकता येत नाहीत. मुद्रेसाठी किमान एक हात मोकळा लागतो. २०१७ च्या पूरक नियमांत हे आणखी स्पष्ट केले आहे. यांपैकी एकही घटक वापरला जात असेल, तर मंत्र टाकला जात असल्याचे इतरांच्या लक्षात येऊ शकते. म्हणून ‘मी हळूच मंत्र टाकतो’ असे खेळाडूने म्हटले, की त्या मंत्राचे घटक कोणते ते आधी पाहावे. ‘फ्रेंड्स’ या छोट्या मंत्राला उच्चार लागत नाही, फक्त मुद्रा आणि चेहऱ्याला लावायची थोडी रंगभूषा लागते. ‘सजेशन’ला हस्तमुद्रा नाही, पण उच्चार आणि साहित्य आहे. सॉर्सररला, म्हणजे जन्मजात जादू असलेल्याला, ‘सटल स्पेल’ ही युक्ती वापरून उच्चार आणि मुद्रा टाळता येतात, मात्र साहित्य टाळता येत नाही. त्यामुळे या युक्तीने टाकलेला ‘चार्म पर्सन’ कोणालाच दिसत नाही, पण ‘सजेशन’च्या वेळी हातातले साहित्य एखाद्याच्या नजरेस पडू शकते.

आता या पायरीतला खरा मुद्दा. पाहणाऱ्याला मंत्र चालू आहे एवढे कळते, कोणता ते कळत नाही. त्याच पूरक नियमांनुसार मंत्र ओळखण्यासाठी आर्केनाची, म्हणजे जादूच्या ज्ञानाची, चाचणी द्यावी लागते आणि तिच्यात गाठायचा आकडा १५ अधिक मंत्राची पातळी असा असतो. ज्याला आर्केना येत नाही आणि ज्याची बुद्धी सर्वसाधारण, म्हणजे १० आहे, अशा गावकऱ्याला पहिल्या पातळीचा मंत्र ओळखायला वीस बाजूंच्या फाशावर १६ किंवा अधिक पडावे लागतात. चारांपैकी तीन वेळा तो चुकणार. तिसऱ्या पातळीच्या मंत्राला १८ लागतात. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला, की सरदाराच्या दालनात क्लेरिकने (देवाच्या कृपेने जादू करणाऱ्या पुजाऱ्याने) सद्भावनेने सुरू केलेला आशीर्वादाचा मंत्र पहारेकऱ्यांना कसा दिसतो हे लक्षात येते. एक अनोळखी माणूस त्यांच्या धन्यासमोर हात उचलून अगम्य काही म्हणू लागला आहे, आणि पुढच्या क्षणी दिवा लागेल की आग, हे त्यांना ठाऊक नाही. दरबारात तलवार उपसण्याला जो अर्थ आहे, तोच अर्थ बहुतेक ठिकाणी मंत्राच्या पहिल्या शब्दाला असायला हवा.

प्रत्यक्षात करायचे ते इतकेच, की खेळाडूने मंत्राचे नाव घेतल्यावर त्याला विचारावे, ‘हे करताना तू कसा दिसतोस?’ त्याने वर्णन केले, की त्याच शब्दांतून साक्षीदाराच्या मनात काय उमटले हे तुम्हाला ठरवता येते.

तिसरी पायरी: मनावरच्या जादूला वेगळे माप लावा

सर्वांत जास्त विचार इथे करावा लागतो, कारण फायदा सर्वांत स्वस्त वाटतो तो इथेच.

प्रथम मंत्राने काय होते तेवढेच द्या. ‘चार्म पर्सन’ने माणूस ओळखीच्या भल्या माणसासारखा वागतो, गुलाम होत नाही. कोणता व्यापारी नुसत्या ओळखीखातर तोट्यात माल विकतो? थोडी सूट, दोन गोष्टी जास्तीच्या सांगणे, उधारीला हो म्हणणे, इतकेच तो करील. मंत्राला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त फळ दिले, की खेळाडू तो प्रत्येक दुकानात वापरतो आणि मग तुम्ही चिडून परिणामही प्रमाणाबाहेर कडक करता. ही माझ्या हातून झालेली चूक आहे आणि तिने एक चांगली मोहीम मोडली.

त्यानंतर पीडिताला काय कळले ते पाहा. ‘चार्म पर्सन’मध्ये त्याला सगळे कळते, सटल स्पेलने टाकला असला तरीही. २०१४ च्या ‘फ्रेंड्स’मध्ये तर एका मिनिटाच्या मंत्रानंतर समोरचा माणूस वैरीच होतो, हिंसक स्वभावाचा असेल तर हल्लाही करू शकतो. २०२४ च्या नियमांत हे वैर काढून टाकले आहे, पण आपल्यावर जादू झाली हे त्याला कळतेच. ‘सजेशन’च्या वर्णनात अशी जाणीव होते असे कुठेही म्हटलेले नाही आणि म्हणूनच तो मला जास्त गंभीर वाटतो. आठ तासांपर्यंत चालणाऱ्या त्या मंत्राखाली एखाद्या माणसाने आपला घोडा परक्याला देऊन टाकला, तर ती स्वतःचीच इच्छा होती असे तो सांगत राहील. शंका येईल ती त्याच्या भावाला, मुलीला, सावकाराला. परिणाम घरातून सुरू होतो, हळू येतो आणि म्हणूनच तो खेळायला फार समृद्ध असतो. चार दिवसांनी पार्टीला गाठून ती मुलगी एवढेच विचारते, की माझ्या वडिलांनी तो घोडा आईच्या आजारपणातही विकला नव्हता, मग तुम्हाला फुकट कसा दिला?

‘डिटेक्ट थॉट्स’मध्ये वरवरचे विचार वाचताना समोरच्याला काही जाणवत नाही, पण खोल शिरू लागताच त्याला कळते, मग त्याचा सेव्हिंग थ्रो यशस्वी होवो वा न होवो. वाटाघाटीत हे घडले, तर ती वाटाघाट संपली असे समजावे.

‘झोन ऑफ ट्रुथ’ बऱ्याच टेबलांवर न्यायाचे यंत्र म्हणून येतो. पंधरा फूट त्रिज्या, दहा मिनिटे, आत असताना सेव्हिंग थ्रो फसलेल्याला जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही. पण मंत्र लागल्याचे त्याला कळते, तो गप्प राहू शकतो, आडवळणाने उत्तर देऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणाचा थ्रो फसला आणि कोणाचा नाही, हे केवळ मंत्र टाकणाऱ्यालाच कळते. म्हणजे न्यायाधीशाचा निकाल शेवटी एका क्लेरिकच्या शब्दावर उभा राहतो. मग तो क्लेरिक कोणत्या मंदिराचा, त्याला वेतन कोण देते, आरोपीच्या बाजूचा दुसरा क्लेरिक उभा करता येतो का, हे प्रश्न त्या शहरात केव्हाच विचारले गेले असतील. एखाद्या शहराने गप्प राहण्याचा हक्क मान्य केला असेल, दुसऱ्याने मौन हाच कबुलीजबाब धरला असेल. यांतले एक निवडा आणि खेळाडूंना तो कायदा पहिल्या खटल्याआधी कानावर पडू द्या.

सहखेळाडूच्या कॅरेक्टरवर मनाचा मंत्र टाकायचा असेल, तर आधी त्या खेळाडूची संमती घ्यावी. प्रेमसंबंध किंवा शरीरसंबंध जुळवण्यासाठी असा मंत्र वापरू देऊ नये. माझ्या टेबलावर या नियमाला अपवाद नाही.

चौथी पायरी: उपकाराचे परिणाम विसरू नका

सामाजिक परिणाम म्हटले, की शिक्षाच डोळ्यांसमोर येते. परंतु गाव खरोखर बदलते ते मदतीच्या मंत्रांनी. ‘प्लांट ग्रोथ’ आठ तास लावून टाकला, तर अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतली जमीन वर्षभर दुप्पट पीक देते. हे क्षेत्र सुमारे ५०० एकर होते. पार्टीतल्या ड्रुइडने (निसर्गातून जादू मिळवणाऱ्याने) निघता निघता प्रेमाने हे केले, तर पुढच्या सुगीला काय होईल याचा विचार करा. वर्तुळाच्या आतल्यांची कोठारे भरतील, कडेला शेत असलेल्याच्या अर्ध्याच रानात दाणे भरतील, भाव पडल्याने शेजारच्या गावाचे नेहमीचे पीक मातीमोल होईल आणि जमीनदार दुप्पट उत्पन्न पाहून सारा वाढवील. त्याच्या पुढच्या वर्षी ड्रुइड येणार नाही. सारा मात्र तेवढाच राहील.

मृताला परत आणणाऱ्या मंत्रांचे गणित याहून कठोर आहे. ‘रेझ डेड’ला ५०० सुवर्णनाण्यांचा हिरा लागतो, तो मंत्रात नष्ट होतो आणि मृत्यूला दहा दिवसांहून अधिक झालेले चालत नाहीत. नियमपुस्तकानुसार अकुशल मजुराची रोजची मजुरी चांदीची दोन नाणी आहे आणि दहा चांदीच्या नाण्यांचे एक सुवर्णनाणे होते. म्हणजे त्या हिऱ्यासाठी मजुराला २,५०० दिवसांची, जवळजवळ सात वर्षांची, सगळी मजुरी न खाता-पिता साठवावी लागेल. पार्टीने एका सावकाराच्या मुलाला परत आणले, ही बातमी त्या मजुराच्या वस्तीत कशी पोचेल? दुसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या दाराशी एक बाई ओढणीत गुंडाळलेले मूल घेऊन बसलेली असेल आणि तिच्याकडे हिरा नसेल. या दृश्यात खलनायक कोणी नाही आणि खेळाडू ते वर्षानुवर्षे विसरत नाहीत. हे दृश्य मांडताना टेबलावर कोणाचे अलीकडचे दुःख आहे का, याचे भान मात्र ठेवावे.

वारसाहक्काचाही विचार करून ठेवावा. राजा नवव्या दिवशी जिवंत झाला आणि सातव्या दिवशी मुलाचा राज्याभिषेक झाला असेल, तर राज्य कोणाचे?

पाचवी पायरी: भीतीचे मंत्र थोडक्यात

‘फायरबॉल’ची त्रिज्या वीस फूट आहे आणि कोणाच्या अंगावर किंवा हातात नसलेल्या ज्वालाग्राही वस्तू त्यात पेटतात. लाकडी बाजारपेठेत तो टाकला, तर शत्रू मेले की नाही याआधी कोणाचे छप्पर गेले ते सांगा. ‘अॅनिमेट डेड’ला हाडे लागतात आणि ती कोणाच्या तरी आजोबांची असतात. २०१४ चे नियमपुस्तकच म्हणते, की अशी जादू चांगले कृत्य नव्हे. शिवाय चोवीस तासांत पुन्हा मंत्र टाकून ताबा टिकवला नाही, तर तो सांगाडा आज्ञा पाळत नाही. त्यामुळे गावकऱ्यांची भीती अंधश्रद्धा म्हणून दाखवू नये, ती रास्त आहे. ‘स्पीक विथ डेड’ने प्रेत पाच प्रश्नांची उत्तरे देते, पण विचारणारा त्याच्याशी वैराने वागत असेल किंवा ते त्याला शत्रू म्हणून ओळखत असेल, तर खरेच बोलण्याचे बंधन त्याच्यावर नाही. खुनाच्या खटल्यात ही साक्ष धरायची का, यावर दोन वकील तासभर भांडू शकतात.

सहावी पायरी: बातमीचा माग ठेवा

मी एका वहीत प्रत्येक ठळक मंत्रासाठी चार गोष्टी लिहितो: कोणी पाहिला, त्याला काय वाटले, त्याने कोणाला सांगितले आणि ऐकणाऱ्याच्या हातात काय आहे. चौथी नोंद परिणामाला माप देते. व्यापारी व्यापारीसंघाकडे जाऊ शकतो, भाव वाढवू शकतो, माल नाकारू शकतो. तो मारेकरी पाठवणार नाही. भटारखान्यातली बाई फक्त बोलू शकते, पण ती सगळ्या गावाशी बोलते.

बातमीला वेगही द्या. नियमांनुसार सामान्य चालीने दिवसाला २४ मैल कापता येतात, म्हणून बैलगाडीबरोबरची बातमी पायी निघालेल्या पार्टीच्या मागेच राहते, तर घोडेस्वार निरोप्याबरोबर ती पुढे निघून जाते. दोन गावे ओलांडेपर्यंत तिचे रूपही बदलते. पहिल्या गावात ‘बार्डने व्यापाऱ्याला भुलवले’ असेल, तर तिसऱ्या गावात ‘एक गाणारा येतो आणि त्याचे गाणे ऐकलेला माणूस घरदार विकून टाकतो’ अशी ती पोचते. पार्टीला तिसऱ्या गावात हे ऐकवले, की आपली कीर्ती आपल्याआधी इथे आली आहे, हे खेळाडूंना वेगळे सांगावे लागत नाही.

सातवी पायरी: न्याय्य राहा

खेळाडूला जे माहीत नाही ते त्याच्या कॅरेक्टरला माहीत असू शकते. म्हणून मंत्र टाकण्यापूर्वी एकदा स्पष्ट सांगावे, ‘तू या भागात वाढला आहेस, सरदारासमोर परवानगीशिवाय मंत्र म्हणणे गुन्हा आहे हे तुला ठाऊक आहे. तरी टाकणार?’ त्याने हो म्हटले, तर पुढचे परिणाम त्याने स्वतः निवडलेले असतात आणि तो ते आनंदाने खेळतो. प्रत्येक छोट्या मंत्रावर खटला चालवू नये. कमरेला तलवार लावून फिरणाऱ्या फायटरला गाव जेवढे सहन करते, तेवढे विझर्डलाही करू द्यावे. आणि झालेले नुकसान भरून काढण्याची वाट नेहमी उघडी ठेवावी: भरपाई, जाहीर माफी, स्थानिक परवाना, एखाद्या प्रतिष्ठित माणसाचा जामीन.

सुरुवातीच्या व्यापाऱ्याचा प्रसंग माझ्या टेबलावर असाच पुढे गेला. तीन सेशननंतर पार्टीला त्याच गावातून धान्य हवे होते. बार्ड परत गेला, पहिल्या सौद्यातला फरक मोजून दिला आणि सर्वांसमोर चूक कबूल केली. व्यापाऱ्याने पैसे घेतले, थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘व्यवहार होईल. पण तुम्ही तोंडाला फडके बांधायचे, दोन्ही हात माझ्या पाटावर ठेवायचे आणि बोलणी तुमच्या त्या तलवारवाल्या बाईंनी करायची.’ खेळाडूने टेबलावर आपले दोन्ही हात पालथे ठेवले आणि सौदा संपेपर्यंत एक शब्दही बोलला नाही.